नासक्या हाताची बरणी

तमाम सोयरेधायरे, भावकी, शेजारपाजार आणि विशेषतः वाटूरच्या पलीकडे राहणाऱ्या आमच्या थोरल्या जाऊबाई यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, माझा हात नासका आहे. या हाताने घातलेलं लोणचं टिकत नाही. या हाताने बरणीच्या फडक्याला नुसता स्पर्श केला तरी आतल्या कैरीला बुरशी चढते. हा निकाल माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात लागला, त्यावर अपील नाही, आणि परतूर तालुक्यातल्या निम्म्या बायकांना तो तोंडपाठ आहे. सर्वांनी उभं राहून थोडा वेळ शांतता पाळावी आणि मग ऐसपैस बसून घ्यावं, कारण हा निकाल देणारीवर मी सूड कसा उगवला ते आता सांगणार आहे. मला सांगताना फार मजा येणार आहे. तुमचं तुम्ही बघा.

माझं सासर म्हणजे वाटूर ओलांडून आष्टीकडे वळलं की आत जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. तिथे थोरले दीर शेती बघतात, आम्ही दोघं जालन्याला. शेत वेगळं झालं, चूल वेगळी झाली, पण लोणचं मात्र एकच राहिलं. दर उन्हाळ्याच्या शेवटी दोन्ही घरांचं लोणचं गावाकडे एकाच बरणीत पडायचं. ती बरणी सासूबाईंची. चिनीमातीची, खाली पांढरी, वर गुळासारखी तपकिरी, खांद्याला दोन कान आणि पोट असं की कवेत घेतली तर पलीकडे बोटाला बोट लागायचं नाही. झिलईला कुठे ओरखडा नाही. सासूबाईंनी आम्हा दोघी सुनांना समोर बसवून एकदाच सांगितलं होतं, "जिच्या हाताला टिकंल, तिची बरणी."

त्या पहिल्या उन्हाळ्यात लोणचं मी कालवलं. पावसाळ्यात वर पांढरे ठिपके दिसले. एखादीने ते ठिपके काढून टाकले असते आणि गप्प बसली असती. जाऊबाईंनी ते पळीवर घेतले, पळी घेऊन त्या अंगणात गेल्या आणि शेजारच्या बायकांना बोलावून म्हणाल्या, "बघा व माय, नव्या सुनेचा हात!" बायका पळीत वाकून बघत होत्या आणि पळीवरून माझ्याकडे बघत होत्या. मी तेव्हा इतकी नवी होते की माझ्या हातातला हिरवा चुडासुद्धा उतरला नव्हता.

तेव्हापासून लोणच्याच्या दिवशी मला चहाचं खातं मिळालं. कैऱ्या धुणं, पुसणं, फोडणं, मसाला भाजणं हे सगळं जाऊबाई आणि त्यांच्या गोतावळ्याने करायचं. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला स्टोव्हवर चहा करायचा. बरणी ज्या कोठीत असायची तिचा उंबरासुद्धा मला बंद. मग आमच्या वाट्याचं लोणचं एका प्लास्टिकच्या डब्यात घालून मिळायचं आणि वर प्रवचन. "कोरडा चमचा घाल बरं. आन् तू नको काढू. त्यांना काढू दे."

त्यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला! ज्या माणसाला आपल्या घरात काडेपेटी कुठे असते हे आजही ठाऊक नाही, त्याला लोणचं काढायचा अधिकार, आणि मला नाही. बरं, हा माणूस इतका आज्ञाधारक की वहिनीचा शब्द मोडायचा नाही. जेवायला बसलं की उठून डबा उघडायचा, फोड काढायची, माझ्या ताटात वाढायची आणि देवाचा प्रसाद दिल्यासारखा चेहरा करायचा. बारशाच्या दिवशी माझी लेक पाळण्यात असताना जाऊबाई भरल्या घरात म्हणाल्या, "पोरगी हाताला बापावर जाऊ दे रे देवा." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते हसू मी खडेमीठ लावून जपून ठेवलं.

मला ती बरणी पाहिजे होती. खरं सांगते, लोणच्यासाठी नाही. लोणचं बाजारात मिळतं. मला ती जाऊबाईंच्या घरातून, जाऊबाईंच्या हाताने, चार बायकांच्या देखत बाहेर येताना बघायची होती. माणसं चारधाम करतात, मला एवढं एकच बघायचं होतं.

आता कोरियाकडे वळू.

माझी लेक पुण्याला शिकते. परवाच्या दिवाळीत ती सुट्टीला आली तेव्हा तिला एकच वेड होतं, किमची. पत्ताकोबीला मीठ लावायचं, मऊ पडला की धुवायचा, लाल मिरची, आलं, लसूण आणि तांदळाच्या पिठाची पेज कालवून पानापानाला चोळायची, दाबून भरायचं आणि ठेवून द्यायचं.

"ठेवून म्हणजे?" मी विचारलं.

"आंबू द्यायचं."

"आंबू द्यायचं म्हणजे नासू द्यायचं?"

"तसंच समज. फक्त नीट नासलं पाहिजे."

मी ओट्याला धरून उभी राहिले. इतकी वर्षं जगात कुठेतरी एक अख्खा देश माझ्या हाताची वाट बघत होता आणि मला कुणी कळवलं नव्हतं.

कोबी जालन्याच्या बाजारात हवा तेवढा. मिरची ब्याडगीची घेतली. पहिल्यांदा चोळताना मी दोन्ही हात असे काही चालवले की लेक म्हणाली, "आई, हळू. तू कुणाचा तरी गळा दाबल्यासारखं करून राह्यलीस." पुण्यात राहूनही पोरीच्या तोंडून गावचं बोलणं निघतं, आणि पोरगी अचूक बोलते.

प्रश्न आला भांड्याचा. मी सरळ तो प्लास्टिकचा डबा काढला, जाऊबाईंनी दिलेला. म्हटलं, सुरुवात शत्रूच्या डब्यातूनच करू. दोन दिवसांत झाकण पुरीसारखं टम्म फुगलं. ते उचललं तर वास आला मेथीचा, हिंगाचा आणि मोहरीच्या डाळीचा. इतक्या वर्षांचं लोणचं त्या प्लास्टिकच्या अंगात मुरलं होतं. खाऊन बघितलं तर कोरियाला नाही, वाटूरला उतरल्यासारखं वाटलं. वर डबा आतून असा लाल झाला की घासून घासून माझी नखं झिजली, डबा नाही पांढरा झाला. प्लास्टिक बाद. तो डबा मी रद्दीवाल्याला देताना मला जी शांती लाभली ती मी कुठल्याच तीर्थाला अनुभवली नाही.

मग काच. मधाची मोठी बाटली होती, पत्र्याचं घट्ट झाकण. लेक सांगत होती की आत हवा तयार होते, म्हणून गळ्याशी चार बोटं जागा सोडायची आणि झाकण रोज सैल करायचं. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे कुठली बाई भरलेली बरणी रोज उघडते? लोणच्याला वारा लागला की संपलं, हे आपण आईच्या पोटातून शिकून येतो. मी बाटली गळ्यापर्यंत भरली, झाकण आवळलं, त्यावर फडकं घातलं, फडक्यावर सुतळी, सुतळीला निरगाठ, आणि कपाटाच्या मागच्या अंधारात ठेवून दिली. लेकीला म्हटलं, "तू पुस्तकं वाच. मला बरणी बांधायला शिकवू नको."

चौथ्या दिवशी सकाळी उघडायची ठरली. उघडायची कुणी? घरचा कायदा सांगतो, नवऱ्याने. हे बियाण्यांच्या दुकानात जायला निघाले होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सुतळी कापली, फडकं सोडलं, झाकण जरा फिरवलं आणि पुढे काय झालं ते नीट कुणालाच दिसलं नाही. फस्सकन आवाज आला. झाकण छताला जाऊन आलं. हे जागच्या जागी उभे, हातात बाटली, शर्टावर कोबी, चष्म्यावर लसूण, आणि कपाळाच्या मधोमध मिरचीचा असा टिळा की कुणीही वाकून नमस्कार करावा.

"वहिनी बराबर म्हणत होत्या," हे शांतपणे म्हणाले. "तुझ्या हाताला टिकत न्हाई."

ते वाक्य मी त्याच खडेमिठात ठेवलं.

दुपारी शर्ट भिजत घातल्यावर त्यांनी स्वतःच स्टीलचा विषय काढला. ज्या जालन्यात कारखान्यांतून रात्रंदिवस लोखंड वितळतं तिथे राहून काचेच्या नादी लागायचं म्हणजे काय, असा त्यांचा सवाल. त्यांनी घरातला कडीचा स्टीलचा डबा आणून दिला. पितळेचा विचार तर मी मुळीच केला नव्हता, आंबट पितळेत कळकतं हे शेंबडं पोरही सांगेल. पण स्टील म्हणजे आपल्याला वाटतं अमर. हा डबा कुणाच्या तरी लग्नात आलेला होता, आणि लग्नात आलेलं स्टील कसं असतं ते सांगायला नको. मीठ आणि आंबट दोन्ही मिळून त्याला असे लागले की तळाला काळे टिपके उठले. किमची नळाची तोटी चाटल्यासारखी लागली. शिवाय आत काय चाललंय ते दिसत नाही, कोबी पाण्याखाली आहे का वर आलाय ते कळत नाही. आणि वर आलेल्या पानाला बुरशी येते, हे लेकीने मला बजावून सांगितलं होतं. ते ऐकून माझ्या मनात काहीतरी हललं. लोणच्यातही तेच असतं. फोडींच्या वर तेल यावं लागतं, नाहीतर उघडी पडलेली फोड बुरशी धरते. इथे तेलाच्या जागी मिठाचं पाणी. हाताचा संबंध कुठे येतो?

लेकीने मग मोबाइलवर कोरियातली अंगणं दाखवली. अंगणात ओळीने मातीची मोठाली भांडी, तपकिरी, पोटुशी, वर सैल टोपण. मी म्हटलं, एवढंच ना, आणि बाजारातून पाण्याचा माठ आणला. एका रात्रीत माठ घामाने डबडबला. खाली लाल ओघळ, त्यात मुंग्या, आणि दोन दिवसांनी माठाच्या पोटावर मिठाचे पांढरे थर. आत कोबी कोरडा पडला होता. माठ पाणी गार करतो तो पाझरतो म्हणून, आणि आम्हाला तर पाणी आतच ठेवायचं होतं.

"आई, त्यांच्या भांड्यांना झिलई असते," लेक चित्रं मोठी करून बघत म्हणाली. "जाड पाहिजे, आतून गुळगुळीत पाहिजे, तोंड मोठं पाहिजे, म्हणजे हात घालून दाबता येतं. आणि टोपण नुसतं वर बसणारं, फिरकीचं नाही, म्हणजे हवा आपोआप जाते." मग ती थांबली. "अगं, ही तर आपल्या गावाकडच्या बरणीसारखी आहे."

मी मधाची बाटली परत घासायला घेतली. पुढची बाटली काचेचीच भरली, पण या वेळी गळ्याशी जागा सोडली, टोपण सैल ठेवलं, रोज सकाळी चमच्याने कोबी पाण्याखाली दाबला. ती किमची अशी जमली, अशी आंबट, तिखट, कुरकुरीत, की मी ओट्याशी उभ्या उभ्या वाटीभर खाल्ली. माझ्या हाताने. माझ्या घरात. बिनबुरशीची.

आणि नेमकं त्याच आठवड्यात गावाकडून जावळाचं आमंत्रण आलं. जाऊबाईंच्या नातवाचं जावळ. पुतण्याने फोनवर सांगितलं, "काकू, सकाळीच या." आणि जाता जाता म्हणाला, "यंदा लोणचं पाठवायचं राहूनच गेलं. आई म्हणती कैरीच कमी आल्ती."

कैरी कमी? त्यांच्या बांधावरचा आंबा यंदा असा लगडला होता की फांद्यांना टेकू लावले होते. मी स्वतः उन्हाळ्यात बघून आले होते, चहा करता करता. मी ते डोक्यात ठेवलं आणि बाटली पिशवीत.

मांडीवर किमची घेऊन मी गाडीत बसले. टोपण सैल, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकाला बाटली साप चेपल्यासारखी फुसफुसायची. हे काच खाली करून चालवत होते. "रस्त्यात कोणी गाडी तपासली तं मी तुला ओळखत न्हाई," म्हणाले.

जाऊबाई दारातच भेटल्या. आमच्या जाऊबाई म्हणजे दणदणीत बाई, चालल्या की बांगड्यांआधी आवाज पोचतो. पिशवीचा वास त्यांना लगेच लागला.

"काय आणलं व?"

"कोबीचं लोणचं, जाऊबाई. कोरियातलं. पंगतीला आणलं."

"तुझ्या हातचं?" त्यांनी भोवतीच्या बायकांवरून नजर फिरवली, ऐकणाऱ्या पुरेशा आहेत का ते बघायला. "आन् पंगतीत? बिलकुल न्हाई. चांगला दिवस हाय बाई आज. ठिव तिकडं न्हाणीपाशी, धुण्याच्या दगडावर."

मी ठेवली. बायका पदराआड हसल्या. ओसरीवर बाजेवर सासूबाई बसल्या होत्या. आता त्यांना ऐकू कमी येतं असं सगळे म्हणतात, त्यामुळे त्यांच्या समोर सगळे सगळं बोलतात. मी पाया पडले. त्यांनी माझा हात धरून जरा दाबला आणि सोडला.

जावळ झालं. पोराने गाव डोक्यावर घेतलं. मग पुरुषांची पंगत बसली आणि मी वरण वाढायला घेतलं, कारण वरण नासत नाही. पंगतीत पहिल्या माणसापासून वाकत वाकत जात होते तर माझं लक्ष ताटांच्या डाव्या बाजूला गेलं. लोणचं. पण फोडी सगळ्या एका मापाच्या, चौकोनी, साच्यातून काढल्यासारख्या. आमच्या जाऊबाईंच्या फोडीला कोय असते आणि अडकित्त्याचा तिरका घाव असतो. मी आणखी वाकले. वास व्हिनेगरचा!

ह्यांच्या ताटापाशी आले. ह्यांनी फोड चाखली, माझ्याकडे बघितलं आणि इतक्या वर्षांचा वहिनीचा आज्ञाधारक दीर हळूच म्हणाला, "हे आपलं न्हाई."

वरणाचं भांडं मी पुतण्याच्या हातात दिलं. भरल्या बरणीच्या घरात, नातवाच्या जावळाला, दुकानातलं लोणचं? मी सरळ कोठीकडे गेले. उंबऱ्यावर क्षणभर थांबले, कारण एवढ्या वर्षांत तो ओलांडला नव्हता. मग ओलांडला.

बरणी कोपऱ्यात होती, कापडाच्या चुंबळीवर, तोंडाला पांढरं फडकं, त्याला दोरी. मी दोन्ही हात, हेच नासके हात, तिच्या पोटावर ठेवले. गार होती. दोरी सोडली, फडकं काढलं, टोपण उचललं.

आत बुरशीचं अख्खं शेत होतं. पांढरी, मऊ, जाड, नव्याकोऱ्या टॉवेलासारखी, मधे मधे हिरवी छटा. एवढं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. माझ्या लेकीचा जन्म सोडला तर नाहीच.

"कोण हाय तिथं?" मागून जाऊबाई.

"मीच, जाऊबाई."

"हात काढ! हात काढ आधी बरणीवरून!"

"काढते की. पण मंग बरणी अंगणात नेऊन काढते. बायका जमल्यातच. पळी कुठं हाय?"

त्यांनी पटकन आत येऊन दार लोटलं. पहिल्यांदा त्यांचा आवाज त्यांच्या पुढे धावला नाही. "तू आत्ता हात लावलास ना," त्या कुजबुजल्या, "म्हनून झालं हे."

"जाऊबाई, बुरशी हाय, जादू न्हाई. एवढा टॉवेल विणायला महिने लागत्यात."

त्या धान्याच्या पोत्यावर बसल्या. पदराने तोंड पुसलं. "यंदा तेल कमी घातलं. ह्यांना डॉक्टर म्हणला, तेल कमी करा. म्हनून म्या सगळ्यातलंच कमी केलं."

"लोणच्यातलं बी?"

"मला काय ठाऊक, कशातलं कमी करायचं! फोडी वर उघड्या पडल्या. मंग एक दिवस बघते तं हे." त्या बरणीकडे बघत राहिल्या. "कुणाला सांगू? सांगायचं तं कुणाला? तुला?"

क्षणभर मला त्यांची कीव आली. खोटं कशाला सांगू, आली. मी त्या कीवेला मनाच्या कोठीबाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

"मला सांगू नका," मी म्हटलं. "मी बी कुणाला सांगत न्हाई. माझा हात नासका असंल, जीभ न्हाई. पण बरणी आज माझ्या गाडीत बसंल."

"येडी झाली का? बाजेवरच्या आत्याबाईंना काय सांगू?"

"सांगा, तुमच्या मनात आलं. थोरल्या जाऊचं थोरलं मन. चार बायकांच्या देखत सांगा, म्हंजे शोभंल."

"आन् त्या कैरीचं?"

"मागच्या दारानं उकिरड्यावर. तुम्हीच टाका, तुम्हीच घासा. माझ्या हाताला टिकत न्हाई ना. आन् अजून एक."

"अजून?"

"धुण्याच्या दगडावरची माझी बाटली. बायकांच्या पंगतीत तुमच्या हातानं वाढा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बरणीला तडा जावा. पण बाहेरून कुणीतरी "अहो काकू, बायकांची पंगत बसली," अशी हाक मारली, आणि हाक मारणारीची पावलं कोठीकडे येऊ लागली. जाऊबाई उठल्या.

बायकांच्या पंगतीत मी मधोमध बसले. पाटावर, मांडी घालून, राणीसारखी. जाऊबाई बाटली आणि चमचा घेऊन ओळीने वाकत आल्या. प्रत्येक ताटापाशी वाकल्या. मी प्रत्येक वाकणं मोजलं नाही, पण चाखलं.

माझ्या शेजारी भावकीतली एक चुलत सासू बसली होती. तिने विचारलं, "काय व हे, लाल लाल?"

"कोबी," जाऊबाई दातातून म्हणाल्या.

"तू केला?"

मी ताटातून मान वर केली नाही. पुरी तोडत राहिले.

"धाकटीनं," जाऊबाई म्हणाल्या.

"धाकटीनं? मंग नासला असंल की!"

"नासवलेलाच हाय, मावशी," मी म्हटलं. "खा."

कुणी मेलेली पाल सरकवावी तसा तो ताटाच्या कडेला सरकवला. कुणी ठसकलं. कुणी वाटीखाली लपवला. पण त्या चुलत सासूने कोबी वरणभातात कालवला, चावला, डोळे बारीक करून चावत राहिली, आणि ताटाच्या डाव्या बाजूला बोटाने दोनदा टकटक केलं. जाऊबाईंना परत वाकावं लागलं.

दुपार कलली तेव्हा निघायची वेळ झाली. बायका ओसरीवर पानसुपारीला बसल्या होत्या. मागच्या न्हाणीतून घासणीचा आवाज बराच वेळ येत होता. राख, चिंच आणि पुन्हा राख. मग जाऊबाई आल्या, दोन्ही हातांत बरणी, कपाळावर घाम, पदर कमरेला. पानाला चुना लावणारी बोटं थांबली. एवढ्या वर्षांत ती बरणी कोठीबाहेर आलेली कुणी पाहिली नव्हती.

"म्या ठरवलंय," जाऊबाई म्हणाल्या. आवाज पुन्हा पूर्वीसारखा, बांगड्यांच्या पुढे धावणारा. मानलं पाहिजे त्या बाईला. "आता माझं वय झालं. बरणी धाकटीला द्यायची माझ्या मनात कवापासून होतं. आपल्याच घरची हाय ती. तिनं शिकावं, तिच्या हाताला वळण लागावं."

हाताला वळण! मी ओठ घट्ट दाबले. शब्द दिला होता, आणि मी दिलेला शब्द मोडत नाही. बायका हळहळल्या, कौतुकाने मान हलवू लागल्या. कुणी म्हणालं, केवढं मन बघा थोरलीचं. एकीने डोळ्यांना पदर लावला. जाऊबाई त्या कौतुकात भिजत उभ्या राहिल्या आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई माझ्या सुडातूनसुद्धा मोठी होऊन बाहेर पडते आहे. माझी बरणी माझ्याकडे येत होती आणि पुण्य तिच्या खात्यावर जमा होत होतं. तोंड उघडलं तर माझा शब्द जातो, न उघडलं तर सगळा तालुका उद्या हिचे गुण गाणार. मी हात पुढे केले. बरणी जड होती आणि चिंचेचा वास येत होता.

तेवढ्यात ओसरीवरच्या बाजेवरून, जिथे कुणाचंच लक्ष नव्हतं, सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"द्यायची तं दे, पर आतून चांगली घासली का व? पोळ्यापासून बुरशीचा वास येऊन राह्यला कोठीतून!"